आर्डिस क्रुमेलच्या शिवणयंत्राची व्यवस्था

मी, आर्डिस मेबल क्रुमेल, कै. ऑर्विल क्रुमेल यांची पत्नी, राहणार हेस्टिंग्ज, नेब्रास्का, हे लिहून ठेवते ते माझ्या माघारी भांडणं होऊ नयेत म्हणून. निदान नवी तरी होऊ नयेत. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचं विचारत नाही, असं वकील प्लॅगमन सांगतात. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते मी जावयावर रागावून केलं होतं.

कलम १. घर माझी मुलगी जॅनेल हिला. अट एकच : दर मंगळवारी सकाळी पुढची खोली 'प्रेअरी लिली' भगिनी मंडळाला शिवणकामासाठी मोकळी ठेवावी. जॅनेल म्हणाली, "अगं आई, तुम्ही आता पाचजणीच उरलात!" पाचजणींनाही खुर्च्या लागतात.

कलम २. ऑर्विलची गोंड्याची लाल टोपी आणि मिरवणुकीतली चिमुकली मोटार त्याच्या बंधुमंडळाला, म्हणजे तो सभासद असलेल्या पुरुषांच्या सेवासंघाला, परत. मुलांच्या रुग्णालयासाठी देणग्या जमवायला ते मिरवणुकीत गाड्या फिरवायचे आणि टाळ्या घ्यायचे. आम्ही बायका त्या मुलांच्या विजारी शिवायचो, प्लास्टरवरून घालता याव्यात म्हणून दोन्ही बाजूंनी उघडणाऱ्या. विजारींची मिरवणूक निघत नाही, हे मला मान्य आहे.

कलम ३. भगिनी मंडळाच्या अध्यक्षपदाचा माझा खड्यांचा मुकुट रुग्णालयाच्या खेळघराला. तो घातला की कुणालाही हुकूम सोडता येतो, आणि तिथल्या मुलांना ती संधी फार कमी मिळते.

कलम ४. शिवणयंत्र. इथे डोलोरेस विटबद्दल लिहिणं भाग आहे.

आम्ही रुग्णालयाला कापडी बाहुल्या पाठवतो, बिनचेहऱ्याच्या. डॉक्टर बाहुलीवर खुणा करून ऑपरेशन समजावतात आणि चेहरा मूल स्वतः काढतं. माझ्यानंतर डोलोरेस अध्यक्ष झाली आणि तिने बाहुल्यांवर हसरे चेहरे भरायला घेतले. मी भरसभेत म्हणाले, "उद्या ज्याचा पाय कापायचाय, त्याच्या हातात ही दात काढणारी बया देणार?"

ती म्हणाली, "तुझं तोंड बघण्यापेक्षा बरी!"

तेव्हापासून मंडळाच्या जेवणात आम्ही मीठसुद्धा तिसरीकडून मागायचो.

मग एका हिवाळ्यात बाहुल्या पोचवायच्या होत्या. बर्फात चालेल अशी गाडी फक्त डोलोरेसकडे होती, पण तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणून मी चालवली. बोलावं लागू नये म्हणून तिने वाटभर रेडिओ लावून ठेवला.

वॉर्डात मारिसोल नावाची मुलगी होती. दुसऱ्या दिवशी तिच्या खुब्याचं ऑपरेशन. डोलोरेसने तिला हसरी बाहुली दिली.

"ही कशाला हसतेय? उद्या काय आहे, हिला माहीत नाही का?" मारिसोलने विचारलं.

मी ताठ मानेने बिनचेहऱ्याची पुढे केली. मारिसोलने पेन घेऊन जुळलेल्या भुवया आणि उपड्या वाटीसारखं तोंड काढलं.

"कोण गं ही?" मी विचारलं.

"तुम्हीच, आजी. मघाशी दारातून आलात ना, तश्शा."

डोलोरेस इतकी हसली की तिला चाकाच्या खुर्चीत बसावं लागलं, आणि नर्सने येऊन विचारलं, "ह्या कुठल्या वॉर्डातल्या?" मग मलाही हसू आवरेना.

मारिसोल मात्र गंभीर होती. म्हणाली, "ही कुणाला घाबरणार नाही. ही माझ्याबरोबर आत येईल."

रस्ते बंद झाल्याने आम्ही तिथेच राहिलो. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन संपेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसलो होतो, डोलोरेसचा हात माझ्या हातात. पोर सुखरूप बाहेर आली. बाहुली तिच्या काखेत, तशीच तोंड फुगवलेली. परतीच्या वाटेवर रेडिओची आठवणही झाली नाही.

तर या कलमाच्या मसुद्यात यंत्र मी डोलोरेसला दिलं होतं. पण आज ती साक्षीदार म्हणून सही करायला बसली तेव्हा प्लॅगमन म्हणाले, "विटबाई, ज्याला काही मिळतंय त्याने साक्षीदार होऊ नये."

"मग मशीन नको मला," डोलोरेस म्हणाली. "आर्डिसचं डोकं ठिकाणावर आहे, हे मी लिहून द्यायचं! ही संधी सोडू? आणा ते पेन."

सबब यंत्र मंडळाला. त्यावर हसऱ्या बाहुल्या शिवल्या तरी माझी हरकत नाही.

(सही) आर्डिस मेबल क्रुमेल
हेस्टिंग्ज, १४ एप्रिल १९८८

आमच्यासमोर सही केली :
१. लेलँड प्लॅगमन, वकील
२. डोलोरेस विट. डोकं ठिकाणावर आहे. तोंडाची हमी देत नाही.