इब्राहिमची ताइफमधली नोंद

१२ ऑक्टो., रविवार
दिवसभर कंटेनर उतरवून घेतले. रियाधमधल्या या सुलैच्या गोदामात आजही धूळ इतकी की जेवताना दाताखाली रेती. पाठीचं तर विचारूच नका.
संध्याकाळी गावाहून हसीनाचा फोन. माझी ही धाकटी बहीण आधी माझी तब्येत विचारते, मग आईची सांगते, मग खरं काय ते बोलते. आज सरळ म्हणाली, "भाय, इब्राहिम मेला म्हणतात."
इब्राहिम म्हणजे तिचा नवरा. होता म्हणू की आहे म्हणू, हेच कुणाला ठाऊक नाही. मक्केहून उमरा करून आलेल्या कुणीतरी मशिदीत सांगितलं म्हणे. ताइफला होता, तिथेच दफन केला. कधी, कसा, काही नाही.
म्हटलं, अफवा असेल. ती म्हणाली, "सरकारात नोंद असंल ना? तू तिथंच हायस. शोध."
तिथंच! रियाध ते ताइफ म्हणजे काय दापोली ते हर्णै आहे? पण हो म्हटलं. तिला नाही म्हणणं मला कधी जमलंय?

१३ ऑक्टो.
झोप नाही. सगळं आठवत बसलो.
इ. कफीलकडून, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाकडून, पळाला त्याला सहा वर्षं होऊन गेली. पगार देत नव्हता, पळाला. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, गेला. मग काही महिने निरनिराळ्या नंबरांवरून ह.ला फोन करायचा. एका हिवाळ्यात ते फोन थांबले. गाव बोलायला मोकळं. दुसरं घर केलं, कुणी म्हणे मदिनेला पाहिला, कुणी म्हणे जेद्दाला, बाईसोबत.
चार वर्षं वाट पाहून ह.ने काजीकडून फसख घेतला. नवरा बेपत्ता म्हणून निकाह मोडला. जमातीतल्यांनीच सुचवलं होतं. मुलीला, शबानाला, घेऊन ती आईकडे आली. निघताना सासू दारात उभी राहून म्हणाली, "माजा पोर जिता हाय, आन तू सुटलीस." तेव्हापासून दोन घरांत बोलणं बंद. वाटेत भेटल्या तरी मान वळवतात.
आता इ.चा धाकटा भाऊ घर आपल्या नावावर करायला निघालाय. घर इ.ने बांधलेलं. फसख घेतलेल्या बाईला तिथे काय हक्क? पण इ. फसखच्या आधीच गेला असेल तर ती त्याची विधवा. हिस्सा तिचा, घरात राहण्याचा हक्क तिचा.
"मला तारीख पायजे," म्हणाली. "कंच्या तारखेला गेला ते."
फक्त घरासाठी का, हे मी विचारलं नाही.

१७ ऑक्टो., शुक्र.
जुम्म्यानंतर फोनच फोन. आपल्या लोकांचं बरं असतं, वाळवंटातही चौथा माणूस चिपळूणचा नाहीतर म्हसळ्याचा निघतो. ताइफला एक दाऊदमामा सापडले, रायगडकडचे, शिलाईचं दुकान आहे.
मामा म्हणाले, होता एक रत्नागिरीवाला. गुलाबाच्या मळ्यात कामाला. अबोल. खोकला धरला, मग ताप. खोलीतल्या पोरांनी गाडीत घालून सरकारी दवाखान्याच्या दारात नेला. त्या पोरांकडेही इकामा नाही. आत गेले असते तर तेही अडकले असते. दारातल्या बाकड्यावर बसवला, गार्डला हाक मारली आणि पळाले.
"मग घरी कुणी कळवलं नाही?"
"कळवनार कोन बाबा? नंबर त्याच्या मोबाइलात, मोबाइल त्याच्या खिशात."


२० ऑक्टो.
रजेचं विचारलं. आमचा मुदीर, म्हणजे मॅनेजर, इजिप्तचा मिसरी आहे, मनाचा वाईट नाही, तोंडाचा आहे. कोण वारलं? बहिणीचा नवरा. कधी? बहुतेक पाच-सहा वर्षांपूर्वी. पेन खाली ठेवून म्हणाला, "हबीबी, मग आता घाई कसली?" पण सही केली.
ह.ने इ.च्या जुन्या पासपोर्टाच्या झेरॉक्सचा फोटो पाठवला. त्यात तो किती पोरगेला दिसतो. लग्नात माझे बूट लपवून वर माझ्याकडेच पैसे मागणारा हाच. रीत उलटी केली म्हणून सगळे हसले होते.

२३ ऑक्टो., गुरु. ताइफ
रात्रभर बस. सकाळी दाऊदमामांबरोबर दवाखान्यात. नोंदीच्या खोलीत एक तरुण सौदी, सभ्य. खुर्ची दिली, कहवा दिला. पासपोर्ट नंबर टाकला. मी मनात म्हणत होतो, सापडू नको. सापडू नको.
सापडला.
पडदा माझ्याकडे वळवला. नाव, बापाचं नाव, हिंदी म्हणजे भारतीय. छातीचा आजार. पोलिसांना कळवलं, वाट पाहिली, कुणी आलं नाही, दफन. तारीख मामांनी वाचून दाखवली, मी पुन्हा वाचायला लावली. ज्या हिवाळ्यात फोन थांबले, तोच हिवाळा. तोच महिना.
प्रिंट मागितली. नाही. वारस लागतो, नाहीतर वारसाने दिलेला वकालतनामा. तू कोण? बायकोचा भाऊ. मग बायकोकडून आण, सोपं आहे. फसखबद्दल मी तोंड उघडलं नाही. उठताना तो म्हणाला, "अल्लाह यर्हमुह." अल्लाह त्याच्यावर रहम करो. इतक्या वर्षांत इ.साठी हे म्हणणारा हा पहिला माणूस.
बाहेर येऊन रडलो. मामा पाठीवर हात ठेवून उभे.
दुपारी ह.ला सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजी सोडून नव्हता गेला." मग, "भाय, तो नव्हताच, तर मी कुनाचा निकाह मोडला?"
मामांच्या दुकानाच्या पायरीवर फोन कानाला लावून बसून राहिलो.

२४ ऑक्टो., शुक्र.
कबरस्तानात गेलो. दगडच दगड, नाव कुठेच नाही, इथली रीतच तशी. राखणदाराने हाताने एक बाजू दाखवली, त्या वर्षीचे त्या बाजूला. इतक्या सगळ्यांत आपला कुठला? त्या पूर्ण बाजूसाठी फातेहा पढलो. शेजाऱ्यांनाही मिळू दे.

२७ ऑक्टो. परत रियाध
एंबसीच्या कामात लोकांना मदत करणारा एक हैदराबादी आहे, त्याला भेटलो. सगळं ऐकून म्हणाला, "भाई, मामला उलझा हुआ है." बायको म्हणून ह.ने वकालतनामा दिला तर निकाहनामा जोडावा लागेल, त्याला फसखचा कागद चिकटलेला. म्हणजे ती बायको नाही. फसखच्या आधीच तो गेला होता, म्हणून फसख रद्द, हे दाखवायला मृत्यूची तारीख हवी. तारखेचा कागद मिळायला ती बायको हवी. शबाना अजून सज्ञान नाही.
"और कौन है?"
आई आहे त्याची.
"बस, फिर माँ का अंगूठा लाओ. खलास."
खलास म्हणे. त्याला काय जातंय.

३० ऑक्टो.
आमची आई कागद घेऊन त्यांच्या घरी गेली. वकिलाने लिहून दिलेलं वाचून दाखवलं, माझा मुलगा अमुक तारखेला मयत झाला असून मी त्याची वारस. सासूने पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, "माज्या अंगठ्यानं मी पोराला मारू?" आणि दार लावलं.
फोनवर आई चिडलेली. मीही चिडलो, म्हातारी हट्टी आहे वगैरे बोललो. नंतर गोदामात एकटा बसलो तेव्हा वाटलं, ती चूक काय बोलली? इतकी वर्षं एकटी तीच त्याच्या बाजूने होती. जिवंत आहे म्हणत होती हे चुकलं, पण बायको-पोर टाकणारा नाही म्हणत होती ते तर खरं निघालं.

२ नोव्हें.
दीर आता तलाठ्याकडे हेलपाटे घालतोय म्हणे. ह.ला सांगितलं तर म्हणाली, "घालू दे." तिचं लक्ष दुसरीकडेच आहे. मौलानांना विचारून आली, इद्दत कशी बसायची, म्हणजे नवऱ्यामागे विधवेने त्याच्या घरात काढायचे चार महिने दहा दिवस. ते म्हणाले, इद्दत नवरा गेल्या दिवसापासून धरतात, तुझी केव्हाच संपली, बसायची गरज नाही.
"त्यांचं बरोबर असंल," ती म्हणाली. "पन मी बसलेच नाय ना, भाय. त्याच्यासाठी कोनीच बसलं नाय."

५ नोव्हें.
ह. सासूच्या दारात गेली. पांढरी ओढणी, हातात कपड्यांचं बोचकं, बांगड्या काढून ठेवलेल्या. सोबत शबाना. मला आधी सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर मी अडवलं असतं.
शबानाने नंतर फोन केला, कुजबुजत. "मामा, दादीने दार उघडलं. आईकडे बघितलं. हातांकडे बघितलं."
"मग? काय म्हणाली?"
"आत ये म्हणाली. पोरीला उन्हात उभी करू नको म्हणाली."
तेवढंच. दोघी एका खोलीत, कुणी कुणाशी बोलत नाही. दुपारी दादीने तीन ताटं वाढली.
आज कितीतरी दिवसांनी मला भूक लागली.

८ नोव्हें.
कागद तिथेच, कपाटावर. ह. अंगठ्याचं नावही काढत नाही. मी काढलं तर म्हणाली, "मी त्यासाठी आले नाय." दीर येऊन आरडाओरडा करून गेला, फसख घेतलेली बाई घरात कशी. सासू म्हणाली, माझ्या घरात कोण राहील ते मी बघेन. हे ऐकून आमची आई फोनवर अर्धी हसली, अर्धी रडली.

११ नोव्हें.
संध्याकाळी ह.च्या नंबरावरून फोन. उचलला तर सासूचा आवाज. निकाह मोडल्यापासून माझ्याशी पहिल्यांदा बोलली. सलाम झाला. 
"तू ताइफला गेलतास."
"होय."
"गुसल कोनी दिलं त्याला?"
मयताला शेवटची आंघोळ कुणी घातली हे त्या पडद्यावर नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. म्हटलं, "तिथले लोक असतात मावशी, नीट करतात."
"पानी गरम होतं काय? थंडीत गेला म्हनते ही."
"ठाऊक नाही, मावशी."
रडली नाही. मीच रडत होतो, आवाज न करता. ती म्हणाली, "इचार. इचारून मना सांग. मग अंगठ्याचं बगू."
दाऊदमामांना फोन केला. म्हणाले, इतक्या वर्षांपूर्वीचे गुसल देणारे आता कुठे असतील, त्यातला एक म्हातारा बर्मी होता, तो आहे की गेला ते बघतो.
ताइफची गुरुवारची बस बघून ठेवली आहे. मुदीरला अजून सांगितलेलं नाही.