जाडे साहेब कपाटात बसले त्याची हकीकत

चि. सौ. धाकटीस,

सगळ्यात आधी वर आली ती खालच्या मजल्यावरची शिंपीण, गळ्यात टेप तशीच, "आजी, तुमच्याकडे कंपनीची माणसं येतायत, केस तरी नीट करा," असं सांगायला. पण थांब, आशीर्वाद राहिले. तुला अनेक आशीर्वाद. तुझ्या यजमानांचा खोकला गेला असेल आणि तुझा गुडघा माझ्याइतका कुरकुरत नसेल असं धरून चालते. मी ठणठणीत आहे.

तर गाणी काढणाऱ्या कंपनीची ही माणसं आली ती आपल्या नातीच्या गाण्यासाठी. तू कधी विचारत नाहीस म्हणून सांगते, पोरगी आता रॅप करते. म्हणजे तालात भराभरा बोलायचं, यमक सोडायचं नाही, आणि ऐकणाऱ्याला धाप लागली की मध्येच गळा मोकळा सोडून गायचं. आधी ती एका मोठ्या दुकानात माइकवरून कुठल्या मजल्यावर काय स्वस्त ते सांगायच्या कामाला होती. तिथे तिने टॉवेलांवर असं काही रचलं की गिऱ्हाइकं जिन्यात बसून ऐकायची आणि टॉवेल न घेताच घरी जायची. मॅनेजरने काढून टाकलं. मला वाटलं, रडेल. तर घरी येऊन बाई माझं कपड्यांचं कपाट रिकामं करायला लागली. रजया टांगल्या की आत आवाज घुमत नाही म्हणे. तेव्हापासून ती कपाटात बसून गाते आणि माझे कपडे खुर्चीवर राहतात (मी पलंगावर बसते). पहिल्या कार्यक्रमाला ऐकायला मी, शिंपीण आणि हॉलचा रखवालदार. रखवालदाराला कुलूप लावायचं होतं. तरी तिने एक ओळ गाळली नाही. आपल्या घराण्याचा हट्ट, दुसरं काय.

आलेल्यांत एक जाडे साहेब, एक सारखं घड्याळ बघणारी बाई. साहेब म्हणाले, गाणं काढू, पण दोन्हीपैकी एकच ठेवा. आमच्याकडे बोलणाऱ्यांचं खातं वेगळं, गाणाऱ्यांचं वेगळं. गायचा भाग कापा.

नात म्हणाली, "कापणार नाही."

"मग आम्ही निघतो."

"निघा."

एवढ्या महिन्यांची मेहनत दारातून चालली होती. मी म्हटलं, साहेब, हिच्या बापाला न्हाऊ घालताना मी एका श्वासात दटावत होते आणि त्याच श्वासात गात होते, तेव्हा कुठल्या खात्यात अंघोळ चाललीय असं कुणी विचारलं नाही. बरं, गाणं ऐकलंत किती? तर म्हणे सुरुवात ऐकली, तेवढ्यावरून कळतं.

मी गोड आवाजात म्हटलं, निदान ती गाते कुठे ते तरी बघा. माणूस हौशी. आत बसला, कानाला ती गाणं ऐकायची यंत्रं लावली, नातीने बाहेरून तिचं रेकॉर्ड केलेलं गाणं सुरू केलं आणि मी किल्ली फिरवली.

डोळे वटारू नकोस. दाराखाली चांगली बोटभर फट आहे. आधी साहेब वाटेल तसं दार बडवत होते. मग हळूहळू तालात बडवायला लागले. मग गायचा भाग आला आणि बडवणं थांबलं. बाई घाबरून उठली, म्हणून मी उघडलं, तर साहेब माझ्या टांगलेल्या रजईला नाक पुसत बसलेले. "हे कापू नका," म्हणाले.

पण बाई म्हणाली, शेवटचा शब्द माझा, आणि मला हे पटलेलं नाही. ऐकून घ्यायला तिला वेळ नव्हता. पुन्हा येऊन काय ते सांगू म्हणाली.

ती गेल्यावर नात माझ्यावर अशी उखडली. "आजी, असं कोंडून कुणी गाणं ऐकवतं का? त्यांना ऐकायचं तर दार उघडं ठेवून ऐकतील." बरोबर बोलली. मी तिला शब्द दिलाय, माझ्या कपाटात पुन्हा कुणाला कोंडणार नाही.

तुझी,
ताई

ता. क. आईच्या मागे ते दोन दारांचं कपाट तू नेलंस, मी चकार शब्द काढला नव्हता. ते टेम्पोत घालून पाठव. त्यात दोन माणसं ऐसपैस बसतात.

आणखी ता. क. किल्लीसकट पाठव, आणि उशीर करू नकोस. ती दोघं येत्या गुरुवारी दुपारी येतो म्हणालीत.