पाणी द्यायलाही कोणी नव्हतं म्हणे

मी, खाली सही करणारी, तसबिरींना चौकटी बसवून स्वतःचं पोट भरलेली, लग्न न केलेली, वय वर्षे बहात्तर, असे लिहून ठेवते की माझी शुद्ध शाबूत आहे. हात थोडा थरथरतो, डोकं नाही. हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने, दबावाने किंवा गोड बोलण्याने लिहिलेले नाही. गोड बोलणारा माणूस आमच्या घराण्यात एकच झाला आणि तो सध्या परदेशात आहे.

वकीलबाई म्हणतात, फक्त कलमं लिहा, शेरे नकोत. वकीलबाई हुशार आहेत, पण मरणार मी आहे.

कलम पहिले, दफन. मला माझ्या चर्चच्या दफनभूमीत पुरावं. माझी श्रद्धा आहे. ती भावामुळे नाही, भाऊ असूनही टिकली आहे. पेटी साधी चालेल, पण तिचे कोपरे जुळलेले असावेत. जन्मभर मी लोकांचे कोपरे जुळवले, शेवटी फटीतून माती आत यायला नको. माझ्या उजव्या खुब्यात डॉक्टरांनी बसवलेली पट्टी आणि स्क्रू आहेत, ते कोणी काढू नयेत. पुनरुत्थानाच्या दिवशी मी त्यांच्यासकट उठणार आहे. भाऊ आसपास असलाच तर त्याला दाखवीन. प्रार्थना पाळकांनी करावी, आटोपशीर करावी. भावाने माझ्या कबरीपाशी तोंड उघडू नये. रडायचं असेल तर रडावं, त्याला माझी हरकत नाही, पण हातात माईक नको.

कलम दुसरे, हत्यारे. काच कापायचा हिरा, कोपऱ्यांची करवत, चौकटी आवळायचे चारही शिकंजे आणि कामाचं टेबल कोपऱ्यावरच्या फ्रेमवाल्याला द्यावं. त्याने माझी गिऱ्हाइकं पळवली, माझ्या कामाला जुनाट म्हणाला आणि माझ्या तोंडावर माझ्याच दुकानात घालूनपाडून बोलला. त्याची एकही चौकट आजवर काटकोनात बसलेली मी पाहिली नाही. हत्यारं तरी सरळ असू देत. त्याने आभार मानू नयेत.

कलम तिसरे, माझा धाकटा भाऊ. धंदा सुवार्तेचा, मुक्काम विमानतळ. त्याला माझा एक्स-रे द्यावा. तो कपाटात वरच्या खणात आहे. उजेडाकडे धरून नीट बघावा. पांढरं दिसतं ते स्टील, देवदूताचं बोट नव्हे.

असं का लिहिते, ते कायद्याला कळो न कळो, वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.

चौदा वर्षांपूर्वी भावाने जगाचा एक मोठा नकाशा माझ्याकडे मढवायला दिला. ज्या ज्या देशात त्याने देवाचं वचन सांगितलं, तिथे लाल टाचणी. तो चर्चच्या भिंतीवर लावायचा होता. मी तो मढवला आणि टांगायला शिडीवरही मीच चढले, कारण मंडळीतल्या पुरुषांना त्या दिवशी पाठदुखी होती. शिडी सरकली. नकाशाची काच फुटली नाही. माझा खुबा फुटला.

भाऊ तेव्हा समुद्रापलीकडे होता. त्याने फोन केला. "ताई, मी इथं गुडघ्यांवर आहे," म्हणाला. मी म्हटलं, नशीबवान आहेस, मला वळताही येत नाही.

मंडळीतल्या बायका फुलं घेऊन आल्या, एक गीत म्हणून गेल्या. त्यांची फुलदाणी कोणी धुतली, ते पुढच्या कलमात आहे.

कलम चौथे, घडलं ते. हे कलम कोणालाच काही देत नाही. वकीलबाईंनी ते दोनदा खोडलं, मी तीनदा लिहिलं.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर इस्त्रीवालीचं दुकान आहे, मागच्या खोलीत ती राहते. तिचे देव तिच्या घरात, माझा माझ्या. माझं ऑपरेशन झाल्यापासून मी काठीवर उभी राहीपर्यंत माझं सगळं तिने केलं. सगळं म्हणजे सगळं. हगणं-मुतणं काढलं, अंग पुसलं, चादरी बदलल्या. माझ्या घराची किल्ली तिच्या कनवटीला असायची. दुकानात कपड्यांचा ढीग पडलेला असताना ती जिना चढून यायची आणि यायची ती बोलतच. "तुझ्या देवाला सांग जरा हलकी कर हिला. माझी कंबर गेली." मला चालायला तिने शिकवलं. पाठीमागे उभी राहून म्हणायची, "पडलीस तर उचलणार नाही, सांगून ठेवते." मी पडले. तिने उचललं.

केस विंचरताना ती माझ्या देवाबद्दल विचारायची. तिला खरंच ऐकायचं असायचं, पण आव असा की वेळ जात नाही म्हणून विचारते.

"म्हणजे तो मेला आणि परत उठला?"

"हो."

"आधी दिसला कुणाला?"

"बायकांना."

"त्यांनी जाऊन सांगितलं असेल."

"सांगितलं."

"आणि कुणी खरं मानलं?"

"पहिल्यांदा नाही."

"मानतील कशाला," ती म्हणाली आणि कंगवा जोरात ओढला. मग म्हणाली, "पुढचं उद्या सांग."

असं आमचं चाललं होतं. मी कधी कोणाला धर्म शिकवायला गेले नाही, मला ते जमत नाही. विचारलं तेवढं सांगायचे. ती रोज थोडं जास्त विचारायची.

पुढच्या वर्षी भाऊ आला. समोरच्या मैदानात सभा, दोन्ही बाजूंना कर्णे, सगळ्या गल्लीला ऐकू जातील असे. मला पहिल्या रांगेत बसवलं. तो म्हणाला, "माझी ही बहीण मरणाच्या दारात पडली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. आजूबाजूला सगळा अंधार. पाणी द्यायलाही कोणी नव्हतं. दूर देशातून मी हाक मारली आणि ही उठली." लोक टाळ्या वाजवायला लागले. मी उठून ओरडले, खोटं आहे, खाली राहते ती, तिने केलं. टाळ्यांत कोणाला काय ऐकू येणार? पाहणाऱ्यांना वाटलं, आनंदाने ओरडते आहे. त्यावर आणखी टाळ्या.

इस्त्रीवाली दुकानाच्या दारात इस्त्री करत होती. तिला शब्द न् शब्द ऐकू आला. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकं तिला विचारायला लागली, काय गं अंधार, कपडे झाले का.

भावाला मी घरी बोलावून झापलं. तो शांतपणे म्हणाला, "ताई, गोष्टीत माणसं कमी असली की देव मोठा दिसतो."

मी म्हटलं, "तुझा देव एवढा लहान आहे का, की एका इस्त्रीवालीआड झाकला जाईल?"

तो हसला. चहा प्यायला. तीच गोष्ट तो पुढे देशोदेशी सांगत फिरला. काही ठिकाणी मी आंधळीही आहे असं ऐकते.

इस्त्रीवालीने माझी किल्ली उंबरठ्यावर ठेवली आणि खाली निघून गेली. मी चारदा गेले. ती कपड्यांवर पाणी शिंपडत राहिली. मी आहे की भिंत आहे, अशी. तेव्हापासून माझे कपडे ती घेत नाही. मी चुरगळलेलीच चर्चला जाते आणि लोक म्हणतात, वय झालं. ज्या एका माणसाला माझ्याकडून देवाबद्दल ऐकायचं होतं, त्याचे कान भावाने कर्णा लावून बंद केले. हे मी त्याला माफ केलेलं नाही. माफ करायला हवं हे मला माहीत आहे, त्याने शिकवायची गरज नाही.

कलम पाचवे, घर. वरच्या मजल्यावरच्या माझ्या दोन खोल्या. भावाला इथे प्रार्थनागृह करायचं आहे. "जिथे ती उठली" अशी पाटी त्याने रंगवून घेतली आणि वर माझ्याकडेच मढवायला पाठवली. निर्लज्जपणाला मर्यादा असते असं मी समजत होते. ती पाटी मी पालथी घालून तिच्यावर चिकटवायच्या सरसाचं गरम भांडं ठेवते. घर मी इस्त्रीवालीला देते, पूर्ण, बिनशर्त.

येथपर्यंत लिहून काल वकीलबाईंसमोर सह्यांसाठी दोघांना बोलावलं होतं, हाडांचे डॉक्टर आणि आमचे पाळक. डॉक्टरांनी सही केली, खुबा कसा आहे ते विचारलं. पाळकांनी वाचायला मागितलं. वाचता वाचता चष्मा दोनदा पुसला. "भावाचं कार्य जगभर आहे, ताई. अशाने लोकांना ठेच लागेल," म्हणाले. मी म्हटलं, मला शिडीवरून पडताना लागली होती, तेव्हा आपण कुठे होतात? ते सही न करता उठले. जाताना खाली दुकानापाशी थांबून म्हणाले, "लॉटरी लागली की तुम्हाला, बाई. वरचं घर नावावर होतंय."

तेरा वर्षांनी जिन्यावर तिची पावलं वाजली. दार उघडंच होतं. आत आली ती ओल्या हातांनी.

"मी तुझं केलं ते घरावर डोळा ठेवून केलं?"

"कोण म्हणतं?"

"तुझा पाळक म्हणतो. उद्या गल्ली म्हणेल. तुझा भाऊ तर कर्ण्यावरून म्हणेल. काय लिहिलंयस माझ्याबद्दल? वाच."

तिच्याकडे चष्मा नव्हता. वकीलबाईंनी चौथं कलम मोठ्याने वाचलं. ती उभ्यानेच ऐकत राहिली. हगण्या-मुतण्याचं आलं तेव्हा म्हणाली, "ते कशाला लिहिलंस, बाई माणसाने?" पण खोडायला सांगितलं नाही. शेवटी म्हणाली, "हे खरं आहे. सही कुठे करायची?"

वकीलबाई म्हणाल्या, "तुम्हाला करता येणार नाही. साक्षीदार म्हणून सही केलीत तर घर मिळणार नाही. ज्याला मिळतं त्याने सही करायची नसते."

"मग बरोबर जागी आले," ती म्हणाली.

मी चिडले. तेरा वर्षं गप्प बसलीस, आणि आता देते ते घेत नाहीस, म्हटलं. देऊ कुणाला मग?

"दे भावाला. जगभर शेजारी शोधत फिरतो, एकदा राहून बघू दे. पाटी मात्र लावली तर मी काढीन."

"आणि तुला काहीच नको?"

तिने हात पदराला पुसले. रागानेच. मग म्हणाली, "तुझं अर्धं राहिलेलं मी विसरलेले नाही. पुढचं ऐकायला येईन असं नाही. पण आलेच कधी तर घरासाठी आली, असं म्हणायला कुणाला जागा नको."

मला रडू आलं. वकीलबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं.

कलम सहावे. कलम पाचमधील घराची देणगी मी रद्द करते. घर धाकट्या भावाला मिळेल, पण सलग एक वर्ष इथे राहिल्यावर, पाटी, सभा आणि कर्णा यांवाचून. त्या वर्षात त्याने खालच्या बाईला देवाबद्दल एक शब्द सांगू नये. तिने विचारल्यास नम्रपणे सांगावं, की मला नीट माहीत नाही, ताईला माहीत होतं. हे न जमल्यास घर हाडांच्या दवाखान्याला जावं. मी जिवंत असेपर्यंत ते माझं आहे आणि दार उघडं आहे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि त्यावर ठाम आहे.

सही: तसबिरी मढवणारी

ठिकाण: वरचा मजला, कामाच्या टेबलाशी
दिनांक: नऊ मार्च, सोमवार

साक्षीदार एक: हाडांचे डॉक्टर. सहावे कलम लिहून झाल्यावर लिहून देणारीने आज पुन्हा माझ्यासमोर सही केली. ती पूर्ण शुद्धीत आहे. शस्त्रक्रिया मी केली होती.

साक्षीदार दोन: इस्त्रीवाली, खालचा मजला. हिने माझ्यासमोर सही केली. घर घेतलेले नाही. पाणी मी देत होते.