एकही तडा नसलेला रोलर

तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार. (माझी कंबर धरली आहे, तेव्हा उरलेला अर्धा नमस्कार प्रत्यक्ष भेटीत.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी सांगितलेला व्यायाम तुम्ही करत नसणार, असं धरून चालते.

इथे सगळं ठीक आहे. परवापर्यंत नव्हतं. आमच्याकडे दगड भरडणाऱ्या गिरणीचा एक पोलादी रोलर आला होता, झिजून पार पोट खपाटीला गेलेला. त्याच्यावर वेल्डिंगने कठीण धातूचा थर चढवायचा, म्हणजे पुढे झिजायचं ते थराने, पोलादाने नव्हे. तार कोणती, करंट किती, हे पहिल्यांदाच मी एकटीने ठरवलं होतं. रोलर पास झाला तर नोकरी कायम, नाही तर घरी.

काम संपलं, रोलर निवू लागला आणि त्यातून टण् टण् आवाज आले. थराला बारीक आडवे तडे जात होते. ते जायलाच हवेत. थर निवताना आकसतो, खालचं पोलाद त्याला आकसू देत नाही, मग ताण असा मोकळा होतो. तडा पोलादात उतरला नाही म्हणजे झालं. हे मी आधीच सांगितलं होतं, पण आमच्या साहेबांची उभी हयात पाइप जोडण्यात गेलेली. तिथे तडा म्हणजे सुतक. तडे मी नखांनी पाडल्यासारखे ते माझ्याकडे बघत राहिले.

मी जेवून परत येते तो रोलर राखाडी रंगात चकचकीत! साहेबांनी आणि रंगाऱ्याने मिळून तड्यांत पुट्टी भरली होती. (घासूनसुद्धा घेतली होती. काम सुबक होतं, नाकारत नाही.) "घाबरू नका हो," साहेब कानाशी म्हणाले, "कुणाच्या बापाला कळणार नाही."

तेवढ्यात गिऱ्हाइकाचे तपासनीस आले. वयस्कर, खिशात भिंग. रोलरभोवती फिरले.

"तडे कुठायत?"

"एकही नाही, सर!" साहेबांची छाती फुगलेली.

"मग परत न्या. एक तर तार चुकलीय, नाही तर हा थर उद्या खपल्यांनी निघेल."

मी साहेबांकडे बघितलं.

मग साहेब, वेल्डर, रंगारी, सगळे तारेचे ब्रश घेऊन रोलरला भिडले. "सर, हा बघा, काय देखणा तडा!" साहेब ओरडत होते. "अहो, त्याहून माझा सरळ आहे," वेल्डर म्हणाला. तपासनिसांनी कडेला भिंग लावून प्रत्येक तडा थरातच थांबल्याचं पाहिलं आणि म्हणाले, "पास. रंगारी तेवढा आवरा."

मी दोन ग्लास पाणी प्यायले. मामींना नमस्कार.

तुमची भाची

ता. क. : तडे गेले त्या दुपारी मी मामींना फोन करून तुमच्या शिकवणीत गणित शिकवायला येते, असं कळवलं होतं. ते रद्द समजावं. पाटीवर माझं नाव घातलं असल्यास पुसून घ्यावं.

आणखी एक : मामी म्हणतील, पोरगी फोनवर रडत होती. तो वेल्डिंगचा धूर. (धूर ओढून घेणारं यंत्र आमच्याकडे आहे आणि ते चालू होतं, हे त्यांना सांगायची गरज नाही.)