मागची डीव्हीडी लागलीच नव्हती

ती. आईस,
इथूनच वाकून नमस्कार. आम्ही मजेत आहोत.

सोबत लेकीच्या व्हिडिओची नवी डीव्हीडी पाठवतोय. मागची बनवताना शेवटी ‘फायनलाइज’ करायचं माझ्याकडून राहिलं. अशी डीव्हीडी फक्त माझ्या कॉम्प्युटरवर चालते, घरच्या प्लेयरवर लागतच नाही, हे मला काल कळलं. ही सावकाश बनवली आणि शेजाऱ्यांच्या जुन्या प्लेयरवरही चार-चार वेळा लावून पाहिली. आता ते मला बघून दार लावून घेतात.

पण मग तू फोनवर म्हणालीस, “नात अगदी तुझ्यासारखी डुलत चालते,” ते कुठे पाहिलंस? मला वाईट वाटू नये म्हणूनच ना?

कालपासून मला चैन नाही. गुडघा बरा आहे म्हणतेस, तोही असाच बरा आहे का?

तुझा,
धाकटा