रुंदी सात, बॅक चार

४ मे

"चाक पालथं घाल, मग बोल." आण्णांचं वाक्य. मी आठवीत असेन. देहूरोडच्या लष्करी डेपोतून लिलावात घेतलेली जीप नुकतीच दारात आली होती आणि शेजारचं कोणीतरी समोर उभं राहून चाकांबद्दल मत देत होतं. आण्णा डेपोत फिटर. त्यांनी वाद घातला नाही. एक चाक काढून अंगणात पालथं घातलं आणि माझ्या हातात टेप दिला.

आज तेच केलं. रिमच्या मागच्या कडेवर पट्टी आडवी ठेवली, पट्टीपासून खाली, चाक जिथे हबला टेकतं तिथपर्यंत टेप सोडला. चार इंचांना एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमी. हीच बॅकस्पेसिंग. ती वाढवली की चाक आत जातं, कमी केली की बाहेर येतं. स्टेअरिंग पूर्ण वळवून पाहिलं. आत स्प्रिंगच्या पाट्यापासून दीड बोट जागा. म्हणजे सव्वाचारच्या पुढे जायचं नाही, आणि चारच्या खाली यायचं काही कारण नाही.

नवीन रिम: रुंदी जुनीइतकीच, सात; बॅक चार. वहीत लिहून खाली दोनदा रेघ मारली.

बीडलॉक घ्यायचंच. गेल्या ऑगस्टमध्ये भाजे गावाच्या वरच्या चढाला चिखलात पकड मिळावी म्हणून हवा दहावर आणली आणि टायर रिममधून निसटला. मागे वरच्या वाडीतली सोनाबाई मावशी बसलेली, डायलिसिसचा दिवस. वाडीतल्या चौघांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीवर उचलून खाली नेलं. ती वाटेत त्यांना म्हणत होती, "वरात हाय व्हय रं माजी, जरा नीट धरा." बीडलॉकला टायरची कड बाहेरच्या कड्याने आणि बोल्टांनी आवळलेली असते. हवा कितीही कमी करा, टायर जागा सोडत नाही.

७ मे

वराळ्याला, विकीशेठच्या रिमच्या दुकानात. भिंतभर मोठाल्या गाड्यांचे फोटो, सगळ्या चिखलात.

पहिलं वाक्य: "साहेब नाही आले?"

कोणते साहेब, मी विचारलं. म्हणजे दादा. विकीशेठ त्याला ओळखतो. दादा वाकडला राहतो आणि दोघे एकाच जीपवाल्यांच्या क्लबात. दर महिन्याला एखाद्या रविवारी दादा हीच जीप लोणावळ्याच्या बाजूला नेतो, संध्याकाळी न धुता आणून लावतो.

वही पुढे केली. त्याने न बघता सांगितलं, "मॅडम, आठची रुंदी घ्या, बॅक तीन. सगळे तेच घेतात. गाडी भारी दिसते."

मी म्हटलं, मला ओढ्यावरच्या मोरीवरून जायचं असतं. तिथे बाहेर जागा नाही.

"मोरीवरून ट्रक जातात हो."

ही मोरी ट्रकची नाही. दोन सिमेंटच्या पट्ट्या, मध्ये मोकळं. वाडीने श्रमदानातून बांधली, आमच्याच जीपचं माप घेऊन. हे सगळं सांगितलं. तो मोबाइल बघत होता.

वेल्डिंग करणारे नाना कोपऱ्यात होते. साठीचे, चष्म्याला दोरी. त्यांनी वही मागून घेतली. "ताईंनी पालथं घालून मोजलंय. बराबर हाय. सात-चारच बसवू." आमच्या चार जुन्या रिमच्या मधल्या डिस्क कापून नव्या रिमला लावणार, भोकं जुळतात म्हणून. कागदावर ७ आणि ४ लिहिलं, नानांनी माझ्यादेखत.

बिलासाठी आरसी बुक मागितलं. त्यावर दादाचं नाव. आण्णा गेल्यावर घर, जमीन, जीप, सगळ्यावर मी हक्कसोड सही केली. बहिणी करतात. तलाठ्याने सहीची जागा दाखवली, दादाने पेन दिलं, नंतर सगळ्यांनी चहा घेतला. त्या दिवशी मला काही गमावल्यासारखं वाटलं नव्हतं.

विकीशेठ नाव वाचून म्हणाला, "म्हणजे मालक साहेबच."

१२ मे

पौर्णिमा. सकाळी विहारात, दुपारी दादा आला. खीर दोनदा घेतली. आईचा चमचा शोधून काढला आणि त्याच चमच्याने खाल्ली. असा वागला की मी सगळं विसरते.

मग चाकांचा विषय. तो म्हणाला, "सुजा, रुंद गाडी आडव्या उतारावर घट्ट बसते. उलटत नाही. तुझ्याच जिवासाठी सांगतोय."

हे खरं आहे. आडव्या उतारावर रुंद गाडी जास्त स्थिर. पण वाडीच्या वाटेवर आडवा उतार कुठेच नाही. मोरी आहे. तसं म्हटलं. तो म्हणाला, "बरं बाई, तू म्हणशील तसं." मला बरं वाटलं. निघताना त्याला डब्यात खीर दिली.

२० मे

चाकं बसवून जीप आली. दारात उभी केली आणि दुरूनच कळलं. टायर मडगार्डच्या बाहेर आलेले, बैलाने पाय फाकवावेत तसे.

पुढचं डावं चाक काढलं, पालथं घातलं. शेजारी जुनी स्टेपनी पालथी. पट्टी, टेप. स्टेपनी चारला एक सूत कमी. नवीन बरोबर तीन. रुंदी आठ. पुन्हा मोजलं, कारण मला चुकायचं होतं.

विकीशेठला फोन.

"हो मॅडम, साहेबांचा फोन आला होता ना. आठ-तीन करायला सांगितलं."

कधी?

"पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी."

मग मला का नाही विचारलं?

"आता मालकांनी सांगितल्यावर..."

अकरा वर्षं ही जीप मी चालवते. क्लचची प्लेट मी बदलून घेतली, रेडिएटरला पाणी मी घालते, दर मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे मावशीला मी खाली आणते आणि शाळा सुटल्यावर वर सोडते. त्याच्या दुकानात मी उभी होते, वही घेऊन, समोर. त्याला माझा आकडा दिसला नाही. वाकडहून फोनवर आलेला दिसला.

२१ मे

दादाला फोन. रात्रभर वाक्यं जुळवली होती.

तो: "अगं, जुलैत इव्हेंट आहे आमचा. तुला कळणार नाही, तिथे सात इंचाची रिम घेऊन गेलो तर हसतील."

मी: मोरी?

तो: "दोन इंचांनी काय होतंय. तू उगाच घाबरतेस. सवय होईल."

सवय होईल. मी वर्गातल्या पोरींना गणित शिकवते. एका बाजूला जवळजवळ दोन, दोन्ही मिळून पावणेचार. मोरीच्या पट्ट्या सवयीने रुंद होतात का, हे विचारायला हवं होतं. विचारलं नाही. "बरं" म्हणाले. त्याच "बरं"चा राग जास्त आला आहे.

२३ मे, शुक्रवार

मावशीला घेऊन मोरीवरून गेले. ओढा कोरडा, सगळं दिसत होतं, म्हणून उतरून पाहिलं. पूर्वी टायरच्या बाहेर चार बोटं सिमेंट राहायचं. आता दीड. डाव्या पट्टीची कड एका जागी खचलेली आहे, तिथे एक.

मावशी आतून म्हणाली, "काय मोजतीस गं एवढं?"

सांगितलं.

"आन् पानी आल्यावं?"

पाणी आल्यावर कड दिसत नाही. पाणी घोट्याच्या वर असेल तर मी थांबते, खाली असेल तर अंदाजाने नेते. तो अंदाज चार बोटांचा आहे. अकरा वर्षांत हातात बसलेला. तो आता उपयोगाचा नाही, आणि नवीन बसवायला मला जागाच दिलेली नाही.

हे तिला सांगितलं नाही. पण तिला कळलं असावं. थोड्या वेळाने म्हणाली, "मंग पावसात मी न्हाई येत. एक खेप चुकली तर काय मरत न्हाई मी."

गेल्या वर्षी एक खेप चुकली तेव्हा पाय केळीच्या खांबासारखे सुजले होते आणि आडवं झोपता येत नव्हतं, श्वास लागायचा. तिचा मुलगा चाकणला, शिफ्ट सोडली तर नोकरी जाते. वर येणारी दुसरी गाडी नाही. एक रिक्षावाला आहे, तो जूनपासून ऑक्टोबरपर्यंत भाज्याच्या पुढे येत नाही. हे सगळं तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे आणि तरी तीच माझी समजूत घालत होती. परत येताना मी समोर बघून गाडी चालवत राहिले. तिला वाटलं असेल तिच्यावर रागावले.

२७ मे

वळवाच्या सरीनंतर रस्ता ओला. चाकं बाहेर असल्यामुळे चिखल थेट काचेवर उडतो. स्टेअरिंग जड, खांदा भरून आला.

मावशीला दवाखान्यात सोडून वराळ्याला गेले. विकीशेठ नव्हता, तेच बरं. नाना चाकासमोर उकिडवे बसले. बोटाने वेल्ड चाचपलं.

"ताई, म्या सांगितलं व्हतं शेठला. म्हनला, तुमी तुमचं काम करा."

उपाय आहे म्हणाले. मधली डिस्क कापायची आणि रिमच्या बाहेरच्या कडेकडे सरकवून पुन्हा वेल्ड करायची, म्हणजे चाक आत जातं. रुंदी आठच राहील, ती आता कमी होत नाही, पण बॅक सव्वाचार होईल. मी तिथेच हिशेब मांडला: टायर पूर्वीपेक्षा अर्धा इंच आणि एक सूत बाहेर. पाट्यालाही घासणार नाही. चालेल. अगदी चालेल.

"एका दिसाचं काम. पर शेठ मालकाच्या फोनबिगर हात लावू देनार न्हाई."

मी म्हटलं, नाना, गाडी मी चालवते.

"मला ठावं हाय ओ." मग चष्मा पुसत, "माजी बी लेक हाय. तिच्या स्कूटरचं बुक जावयाच्या नावावं."

दोघंही हसलो, मग ते उठून आपल्या दुसऱ्या कामाला लागले.

२९ मे

दुसरीकडे नेऊन गुपचूप कापून घेता येईल. दोन दिवस हाच विचार. पिंपरीत कोणीही करेल, आरसी बुकही मागणार नाही. पण मग जुलैत दादा येईल, चाकं बघेल आणि म्हणेल, माझ्या गाडीला मला न विचारता हात लावलास. कागदावर तो बरोबर असेल. त्याने माझ्याशी केलं तेच मी त्याच्याशी केलेलं असेल, आणि आपण बरोबर होतो हे सांगायची सोय उरणार नाही.

शिवाय चोरून का करायचं. मी मोजलं आहे. पालथं घालून.

माझा राग इंचांवर नाही, हे आज कळलं. पौर्णिमेला तो समोर बसून "तू म्हणशील तसं" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी फोन केला. भांडला असता तर मी भांडले असते. त्याला भांडायचीही गरज वाटली नाही. मी माझं म्हणणं मांडते आणि तो ते लहान मुलीचं चित्र बघावं तसं बघतो, छान आहे म्हणतो, बाजूला ठेवतो.

आणि तो वाईट माणूस नाही. आण्णांच्या शेवटच्या दिवसांत त्याने जे केलं ते मी पाहिलं आहे. म्हणूनच अवघड जातं.

१ जून

ढग खाली आले आहेत. विसापूरचा माथा दिसत नाही.

सकाळी वाडीत जाऊन आले. मावशीने पिशवी भरून ठेवली होती, मुलाकडे चाकणला राहायला जाणार म्हणे, चार महिने. तिथे एका खोलीत पाच माणसं, आणि सून तिच्याशी बोलत नाही. "गाडीपायी तुज्या जिवाला घोर नको." मी पिशवी रिकामी केली, लुगडी पुन्हा दोरीवर टाकली. तिला म्हटलं, मंगळवारी पहाटे येते. कशी, ते तिने विचारलं नाही.

घरी येऊन दादाला मेसेज लिहिला. तीनदा खोडला. पहिल्यात हक्कसोड आली होती, दुसऱ्यात आण्णा, तिसऱ्यात रडगाणं. चौथा पाठवला. तो नाही म्हणेल. इव्हेंट काढेल, क्लब काढेल, बहुतेक हसेल. विकीशेठला असा फोन करणं म्हणजे त्याच्या दृष्टीने मालक असून बहिणीचा शब्द वर ठेवणं, ते मला कळतं. तरी:

"दादा, उद्या विकीशेठला एक फोन कर. एवढंच सांग, की गाडी सुजा चालवते, बॅक किती ठेवायची ते तीच सांगेल. बाकी काही बोलू नकोस. इतकं करशील का?"