अप्पांचं तळघर, उणे तीन मीटर

३ तारीख, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. मोठी कामं करणारी माणसं नोंदी ठेवतात.
संकल्प: सासऱ्यांचं, म्हणजे अप्पांचं, तळघरातलं बाइंडिंगचं दुकान कॉम्प्युटरवरच्या आभासी जगात जसंच्या तसं उभं करायचं. दुकान विकून चार वर्षं झाली. गुडघे गेल्यापासून अप्पा खोलीबाहेर पडलेले नाहीत. सोळाला त्यांना पंच्याऐंशी पूर्ण होतात. त्या दिवशी पडद्यावर जिना उतरून त्यांनी आपल्या स्टुलावर बसायचं. तसं मी सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलंय. अप्पांनी ऐकून पेपरचं पान उलटलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण जावयाबद्दल त्यांचं मत अजून बनायचंय.

५ तारीख, बुधवार
जिना आणि भिंती बायकोने माउसने करून दिल्या. किरकोळ काम. सामान मी स्क्रिप्टने लावणार. स्क्रिप्ट म्हणजे वस्तूला लिहून दिलेला हुकूम: इथून ऊठ, तिथे जाऊन बस. एकूण एकेचाळीस वस्तू. दिवा मी स्वतः निवडला. पिवळा.

६ तारीख, सकाळी ७
पुस्तकं दाबायच्या प्रेसला हुकूम दिला: उणे तीन मीटर. प्रेस जमिनीला टेकला आणि गवतावरच बसला. उणे तीस दिलं. गवतावरच.

७ तारीख
मदतपुस्तिका वाचली. स्क्रिप्टने वस्तू जमिनीखाली नेता येत नाही, असा नियम आहे म्हणे. नियम करणाऱ्यांनी तळघर पाहिलेलं नसावं. चार पानी तक्रार पाठवली. अठ्ठावीस वर्षं लिफ्टच्या देखभालीत काढली आहेत, खाली कसं न्यायचं ते मला शिकवू नये, असं शेवटी नम्रपणे घातलं.

१० तारीख, सोमवार
उत्तर आलं. आपली सूचना पोचली, असं लिहिलंय. म्हणजे काम झाल्यात जमा.
दरम्यान प्रेस एकेक सेंटिमीटर खाली सरकवून पाहिला. जमिनीच्या लक्षात यायला नको म्हणून. आलं.
बायको म्हणाली, हाताने ओढा ना, बंदी हुकुमाला आहे, हाताला नाही. तिला स्वयंचलित म्हणजे काय ते समजावून सांगितलं. अर्ध्यातच ती कपडे वाळत घालायला गेली.

१४ तारीख, शुक्रवार
एकेचाळीसही वस्तू गवतावर. अप्पांनी मेहुण्याला विचारलं म्हणे, स्टुलाचा एक पाय आखूड आहे, ते जावयाने लक्षात घेतलंय का. रविवारी सकाळी दाढीला न्हाव्यालाही बोलावून ठेवलंय. हे ऐकून मदतपुस्तिका पुन्हा पहिल्या पानापासून काढली. खोटं कशाला लिहू.

१५ तारीख, दुपारी ४
जेवून जरा डोळा लागला. उठून बघतो तर सगळं सामान खाली. बायकोने माउसने ओढून बसवलं. चाळीस मिनिटं लागली म्हणाली. माझी बारा दिवसांची पायाभरणी नसती तर जमलं नसतं.
जाता जाता एक बारीक सुधारणा केली. स्टुलावर कोणी बसलं की माझा हुकूम सुटेल आणि प्रत्येक वस्तू सेंटिमीटरपर्यंत बरोबर जागी जाईल. हाताच्या कामाला ती शिस्त नसते.

१६ तारीख, रविवार
अप्पा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून पडद्यासमोर बसले. जिना उतरले. प्रेसपाशी बराच वेळ थांबले. मग स्टुलावर बसले.
एकेचाळीस वस्तू छतातून वर आल्या आणि गवतावर ओळीने बसल्या. स्टूल अप्पांना घेऊन आलं.
अप्पा म्हणाले, दुकान विकलं त्या दिवशी असंच सगळं बाहेर काढून ठेवलं होतं. मग चष्मा काढून पुसत बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१७ तारीख, सोमवार, दुपारी १२
सकाळी बायकोने सगळं पुन्हा हाताने खाली नेलं आणि माझे हुकूम पुसून टाकले. नाश्ता झाल्यापासून अप्पा तिथेच आहेत. मेहुण्याला वही कशी शिवायची ते सांगतायत.
अप्पांच्या सांगण्यावरून तळघराला परवानगीची अट लावली आहे. घरातले सगळे आत जाऊ शकतात, मी सोडून. मला जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत येता येतं. पुढे पाऊल टाकलं की परत गवतावर. आठ वेळा करून पाहिलं.
पायरीवरून खालचा उजेड दिसतो. दिवा मीच निवडलेला आहे.